दुसरी भाषा किती आली म्हणजे ‘आली’?

द्विभाषिकता आणि दुसरी भाषा शिकणे या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे बरीच संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. बहुतेक पत्रे नागपुरातूनच आली याचे मला आश्चर्य वाटले नाही. या शहरात एका भाषेत दिवस काढणारा माणूस शोधूनच काढावा लागेल.

प्रश्न : मी तीस वर्षांची असून मिहानमधील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत काम करते. घरी मराठी, मैत्रिणींत हिंदी आणि कामावर इंग्रजी बोलते. मराठीत साधा अर्ज लिहायचा म्हटला तर हात थांबतो, हिंदीत लिंग चुकते आणि इंग्रजीत मला विनोद करता येत नाही. मला बहुभाषक म्हणावे, की तिन्ही भाषा अर्धवट आल्या असे म्हणावे?
— वाचक, मनीषनगर

उत्तर : अर्धवट म्हणण्यासाठी पूर्ण काय असते हे आधी ठरवावे लागेल, आणि सारी अडचण तेथेच आहे. अमेरिकी भाषावैज्ञानिक लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली द्विभाषिकतेची व्याख्या करताना दोन्ही भाषांवर जन्मभाषकासारखे प्रभुत्व असण्याची अट घातली होती. ही अट लावली तर सीताबर्डीच्या मेन रोडवर दिवसभर तीन भाषांत व्यवहार करणाऱ्यांपैकी जवळपास कोणीच द्विभाषक ठरणार नाही. समोर घडत असलेली गोष्टच ज्या मापात मावत नाही, ते माप बाजूला ठेवलेले बरे. फ्रान्स्वा ग्रोजाँ या अभ्यासकाने पुढे अधिक शहाणपणाची भूमिका घेतली. रोजच्या जगण्यात जो दोन किंवा अधिक भाषा वापरतो तो द्विभाषक, आणि असा माणूस म्हणजे एका देहात कोंबलेले दोन एकभाषक नव्हेत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच्या भाषांनी आपापसांत कामे वाटून घेतलेली असतात आणि प्रत्येक भाषा तिच्या वाट्याला आलेल्या कामापुरती वाढते.

माझेच उदाहरण सांगते. मी महालातल्या एका वाड्यात वाढले. इतवारीतल्या दुकानदाराशी भाव करायचा तर मला आजही हिंदी सोयीची वाटते, दुखणे डॉक्टरांना मराठीतच सांगता येते आणि आयकराचा कागद इंग्रजीखेरीज कोणत्याही भाषेत समजत नाही. इंग्रजीत तो समजतो असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. गुणाकार करताना मात्र, समोरच्याशी कोणत्याही भाषेत बोलत असले तरी, मनात ‘सात सत्ते एकोणपन्नास’ हेच उमटते, कारण पाढे त्या भाषेत पाठ झाले. यातली कोणती भाषा अर्धवट म्हणायची?

तुमचा हात मराठी अर्जावर थांबतो, कारण मराठीला तुम्ही ते काम कधी दिलेलेच नाही. घरातला पुढचा अर्ज, मग तो पाणीपट्टीच्या तक्रारीचा असो वा सोसायटीच्या सचिवांना द्यायचा असो, तुम्ही मराठीत लिहावा. पहिल्याला तास लागेल, चौथ्याला दहा मिनिटे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद घेतली गेली आणि देशातले सुमारे २६ टक्के लोक किमान दोन भाषा जाणणारे निघाले. ‘मला काही हिंदी नीट येत नाही’ असे म्हणून तुमच्यासारख्या कितीजणींनी तो रकाना कोरा सोडला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : माझे सासर जबलपूरचे. पती आणि सासूबाई मुलाशी हिंदीत बोलतात, मी मराठीत. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. परवा तो म्हणाला, “आई, मेरा बॉल पलंगाखाली गया.” त्याच्या बालवाडीतल्या बाईंनी सांगितले, की मूल गोंधळले आहे, घरी आता फक्त इंग्रजी बोला. एखादी भाषा बंद करावी का?
— एक आई, प्रतापनगर

उत्तर : करू नये. बाईंनी जे वाक्य गोंधळाचे म्हणून ऐकले, तेच आपण जरा सावकाश ऐकू. ‘पलंगाखाली’ म्हणताना त्याने ‘पलंग’ शब्दाचे ‘पलंगा’ असे सामान्यरूप केले आणि त्याला ‘खाली’ जोडले. मराठीचा हा नियम मोठ्या वयात शिकणाऱ्यांना वर्ष-वर्ष छळतो. ‘मेरा’ आणि ‘गया’ ही रूपे त्याने हिंदीच्या नियमाप्रमाणे ‘बॉल’शी जुळवली. एका वाक्यात दोन व्याकरणे आली आणि दोन्ही आपापल्या जागी बिनचूक राहिली. गोंधळलेल्या मुलाला हे जमले नसते. शिवाय हे वाक्य तो तुमच्याशी बोलला, आणि तुम्हाला दोन्ही भाषा कळतात हे त्याला ठाऊक आहे. सासूबाईंच्या नात्यातले कोणी जबलपूरहून आले, की तो त्यांच्याशी कसा बोलतो ते पाहून ठेवा.

बाईंचा समज मात्र त्यांचा एकटीचा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या अनेक बुद्धिमापन चाचण्यांत दोन भाषा बोलणारी मुले मागे पडलेली दिसत, परंतु त्यांतल्या कित्येक चाचण्यांमध्ये गरीब स्थलांतरितांच्या मुलांना त्यांच्या कच्च्या भाषेत प्रश्न विचारून त्यांची तुलना सुखवस्तू घरांतल्या एकभाषक मुलांशी केलेली होती. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांची घरची परिस्थिती जुळवून घेऊन तुलना केली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही जाणणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि दोन भाषांनी बुद्धी तल्लख होते अशा जाहिराती सुरू झाल्या. त्या दाव्यांविषयीही संशोधकांत आज एकमत नाही, त्यामुळे त्यांच्यामागे लागू नये. मूल आईशी आणि आजीशी दोघींशी मोकळेपणाने बोलते, एवढा लाभ मला तरी पुरेसा वाटतो.

इंग्रजीच्या सल्ल्याबद्दल थोडे परखड लिहिते. आपण ज्या भाषेत रागावतो, लाड करतो, गोष्ट सांगताना आवाज बदलतो, ती भाषा मुलाला द्यावी. पुस्तकातून शिकलेल्या चार वाक्यांच्या इंग्रजीवर त्याला वाढवले तर इंग्रजी तर पुरेशी मिळत नाहीच, आणि घरातले बोलणे आटते. दूरचित्रवाणीवर विसंबण्याआधीही एक प्रयोग लक्षात घ्यावा. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना काही आठवडे मँडरिन ऐकवली. ज्या बाळांशी प्रत्यक्ष माणूस खेळत बोलला, त्यांना त्या भाषेतले ध्वनिभेद ओळखता येऊ लागले; ज्यांना त्याच माणसाची चित्रफीत दाखवली, त्यांच्या पदरी काही पडले नाही.

बोलायला उशीर होत असल्याची शंका असती तर मी तुम्हाला वेगळे उत्तर दिले असते. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. दोन वर्षांचे झाल्यावरही त्याच्याकडे असे पन्नासेक शब्द नसतील आणि ते दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना भेटावे. तेव्हाही एक भाषा बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

काळजी करायचीच असेल तर मराठीची करावी. वडील हिंदी बोलणार, आजी हिंदी बोलणार, उद्या शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची असणार, म्हणजे मराठी एकट्या तुमच्या तोंडून यायची. रात्रीची गोष्ट मराठीत, आणि तुमच्या माहेरच्यांशी रोज दहा मिनिटे फोन, एवढे तरी मोडू देऊ नका.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. माझी नातवंडे ‘मी जेवून राहिलो’, ‘तो येऊन राहिला’ असे बोलतात. हिंदीने आमची मराठी नासवली आहे. अशी भाषा बिलकूल खपवून घेऊ नये, असे आपणास वाटत नाही का?
— वाचक, उमरेड रोड

उत्तर : आदरपूर्वक सांगते, वाटत नाही, आणि त्याआधी एक कबुली देते. माझा धाकटा भाऊ फोनवर “काय करून राहिली?” असे विचारतो, तेव्हा मीही “स्वयंपाक करून राहिली” असेच उत्तर देते. वर्गात मी आयुष्यभर ‘करते आहे’ शिकवले, आणि घरी ते माझ्या तोंडी आले असते तर भावाला वाटले असते, की मी त्याच्यावर रागावले आहे.

‘करून राहिलो’ची ठेवण ‘कर रहा हूँ’शी जुळते हे उघड आहे, आणि ती का जुळावी हेही आपल्याकडच्या इतिहासात दिसते. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी मुलखांची सामाईक राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे पाऊण शतकाहून अधिक काळ येथील कचेरीत, बाजारात आणि चाळीत दोन्ही भाषा खांद्याला खांदा लावून वावरल्या. असे शेजारपण भाषांच्या थेट व्याकरणापर्यंत कसे पोचते, याचा जगभर दिला जाणारा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी कन्नड, मराठी आणि उर्दू यांचा अभ्यास करून १९७१ मध्ये असे दाखवले, की शतकांच्या सहवासाने तेथील भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेचे वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपापले राखले. आपल्या नातवंडांच्या तोंडी जे आहे ते याच जातीचे आहे. ती मराठी बोलतात, वऱ्हाडी-नागपुरी वळणाची बोलतात.

तोंडी परक्या भाषेचा अंश येणे म्हणजे नासणे असेल, तर आपण पत्रात वापरलेला ‘बिलकूल’ हा शब्दही अरबी-फारसीतून आलेला आहे, आणि त्याने आपले वाक्य नासले असे मला वाटत नाही. हिंदीला प्रतिपक्ष मानण्याची सवयही या शहराच्या जुन्या माणसांत नव्हती. मराठी घरातल्या माधवराव सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. मुक्तिबोध बंधूंपैकी थोरले गजानन माधव हिंदीचे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरातले ते दोघे होते.

एवढे मात्र खरे, की निबंधात आणि अर्जात ‘जेवतो आहे’ लिहावे लागते आणि ते नातवंडांना यायला हवे. आपण त्यांना बोलताना अडवू नये. लिहायला बसली, की ‘हे कागदावर कसे लिहाल?’ असे विचारावे. एक रूप घरचे आणि एक कागदाचे, हे मुले फार लवकर ओळखतात.

प्रश्न : मी भामरागड तालुक्यातला. घरची भाषा माडिया. मराठी आश्रमशाळेत शिकलो, आता नागपुरात वसतिगृहात राहून पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. बोलणे सगळे समजते, पण पेपर लिहिताना वाक्य जुळत नाही. ‘ती’ आणि ‘ते’ चुकले, की मुले हसतात. दहा वर्षे मराठी शिकूनही असे का?
— विद्यार्थी

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला माझाच एक अपराध आठवला. अनेक वर्षे मी वह्यांमधल्या लिंगाच्या चुकांना लाल शाईने गोल करीत गेले आणि त्या मुलाच्या घरी कोणती भाषा बोलतात हे एकदाही विचारले नाही. गोंडी आणि माडिया या द्राविड कुळातल्या भाषा आहेत. त्यांच्यात साधारणपणे पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू असे बाकी सारे दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी असते. मराठीत मात्र तो दगड, ती भिंत आणि ते घर असे तीन कप्पे आहेत आणि कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात का, हे मराठी माणसालाही सांगता येत नाही. तो ते ऐकून जाणतो. तुमच्या कानावर ते जन्मापासून पडलेले नाही.

बोलणे समजते आणि पेपर जमत नाही, याचेही कारण माहीत आहे. जिम कमिन्स या अभ्यासकाने दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या मुलांविषयी असे दाखवले, की गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, परंतु पुस्तकी भाषा, जिच्यात कारणे मांडायची, तुलना करायची, मुद्दा सोडवायचा, ती येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, आणि तीही चांगले शिकवणारे असतील तर. आश्रमशाळेतली तुमची सगळी वर्षे अशा शिकवण्यात गेली असतील असे मी गृहीत धरीत नाही. कमिन्स यांचे दुसरे म्हणणे तुमच्या अधिक उपयोगाचे आहे. एका भाषेत कमावलेली समज दुसरीत वाया जात नाही. म्हणून धडा वाचल्यावर तो आधी गावाकडच्या मित्राला माडियात समजावून सांगा, आणि मुद्दे डोक्यात नीट बसले की मगच मराठीत लिहायला घ्या. ‘परिणामी’, ‘तथापि’, ‘याउलट’, ‘त्यापैकी’ असे जोडणारे वीस-पंचवीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून रोजच्या उत्तरात त्यांतले तीन तरी वापरा. वाक्ये न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा तेथे असते. लिंगाच्या चुका हळूहळू कमी होतील, काही राहतील, आणि त्यांवाचून उत्तर अडत नाही.

हसणाऱ्यांविषयी काय लिहावे? गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख होते, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही; आणि ज्या शहरात तुम्हाला हसले जाते, ते शहर बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवले. वर्गात कधी संधी मिळाली तर हे सांगून पाहा.

प्रश्न : वय ७२. सूनबाई बंगाली आहे, म्हणून बंगाली शिकावी असे मनात आहे. नवी भाषा शिकल्याने विस्मरणाचा आजार टळतो असे ऐकले. खरे का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी करून २०१३ मध्ये असे मांडले, की एकभाषकांच्या तुलनेत द्विभाषकांमध्ये लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही होता. पण ही माणसे वर्षानुवर्षे दोन भाषांत वावरलेली होती. नागपूरकर म्हणून तुम्हीही त्यांच्यातलेच आहात, तेव्हा जो काही लाभ असेल तो तुमच्या खाती बहुधा जमा आहे. सत्तरीत सुरू केलेल्या भाषेने तसेच होईल अशी हमी यातून मिळत नाही, आणि निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत हा परिणाम दिसलेलाही नाही. बंगाली औषध म्हणून नको, सूनबाईंसाठी शिका. तुम्हाला एक दिलासाही देते : मुलगा गेला काय आणि सून गेली काय, बंगालीत क्रियापद एकच राहते.

प्रश्न : मी रायपूरचा, वय ४४, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन नागपुरात आलो. मराठी शिकायची मनापासून इच्छा आहे, पण मी मराठीत सुरुवात केली, की समोरचा लगेच हिंदीत बोलू लागतो. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांना सांगितले, “रविवारी आपण रामटेकला जाणार आहोत.” रविवारी सकाळी ते सहकुटुंब डबा घेऊन दारात उभे! काय चुकले कळले नाही, आणि त्यांना परत पाठवणेही जमले नाही. या वयात मराठी येईल का? (मूळ पत्र हिंदीत.)
— वाचक, सदर

उत्तर : रामटेकची सहल चांगली झाली असेल अशी आशा आहे. शेजाऱ्यांचे काही चुकले नाही. हिंदीतल्या एका ‘हम’साठी मराठीत दोन शब्द आहेत. ऐकणारा ज्यात आहे तो ‘आपण’, आणि ऐकणाऱ्याला वगळून उरतो तो ‘आम्ही’. ‘आपण जाणार आहोत’ हे निमंत्रण आहे, ‘आम्ही जाणार आहोत’ ही केवळ माहिती. तेलुगू किंवा गुजराती बोलणाऱ्याला हा भेद चटकन उमगतो, कारण तो त्यांच्या भाषेतही आहे. तुम्हाला तो मुद्दाम घोकावा लागेल. शेजाऱ्यांनी तुम्हाला आदराने ‘आपण कधी आलात?’ असे विचारले, तर तो ‘आपण’ आणखी तिसराच, तुमच्या हिंदीतल्या ‘आप’सारखा.

वयाची धास्ती अनाठायी आहे. कॅथरीन स्नो आणि मरियन हुफनागल-होले यांनी १९७८ मध्ये हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या काही महिन्यांत डच भाषा शिकण्यात किशोरवयीन आणि मोठी माणसे लहान मुलांच्या पुढे होती. मुलांनी त्यांना नंतर गाठले. मोठ्यांना नियम समजावून घेता येतो, वही ठेवता येते आणि तुलना करता येते. उच्चारात रायपूर थोडे राहील, आणि राहिले तर बिघडले काय?

तुमची खरी अडचण वेगळी आहे : हिंदी मराठीच्या फार जवळ आहे. लिपी एक, अर्धेअधिक शब्द ओळखीचे, त्यामुळे सगळे समजल्यासारखे वाटते आणि माणूस त्यावरच घसरतो. ‘मुलाची शिक्षा चालू आहे’ असे कचेरीत सांगितले तर लोक हळहळतील, कारण मराठीत शिक्षा म्हणजे दंड. तुम्हाला म्हणायचे असते ते शिक्षण. ‘मी खूप चेष्टा केली’ म्हणजे तुमच्या मते प्रयत्न केला, आमच्या मते थट्टा. तुमचा संसार म्हणजे जग आणि आमचा म्हणजे घरातली भांडीकुंडी धरून सगळे. ‘खाली बस’ ऐकून तुम्ही रिकामी बस शोधाल, येथे तुम्हाला कोणीतरी बसायला सांगत असते. अशा शब्दांची एक वेगळी वही करा. ती पन्नाससाठ शब्दांपलीकडे जाणार नाही, आणि निम्मी फजिती तिच्यातच टळेल.

उच्चारात दोन ठिकाणी कान द्यावा लागेल. ‘ळ’ नीट आला नाही, की ‘मला वेळ नाही’चे ‘मला वेल नाही’ होते आणि आपल्या अंगणात वेल नसल्याची तक्रार केल्यासारखे वाटते. दुसरी खोच ‘च’ची. ‘चार’ मधला च तुमच्या हिंदीतलाच, पण ‘चाक’ मधला दातांजवळचा, ‘त्स’कडे झुकणारा. गंमत अशी, की ‘चमचा’ मध्ये शेवटी दंत्य च येतो आणि त्याचे अनेकवचन ‘चमचे’ केले, की तोच च तालव्य होतो. लिहिताना अक्षर एकच, त्यामुळे पुस्तक वाचून हे कधीच कळणार नाही. व्याकरणातली मोठी चढण सामान्यरूपाची आहे. हिंदीत ‘घर में’, ‘पानी में’ म्हणताना शब्द जागचा हलत नाही. मराठीत घर ‘घरात’ होते, पाणी ‘पाण्यात’, रस्ता ‘रस्त्यावर’. याच पानावर साडेतीन वर्षांच्या एका मुलाने ‘पलंगाखाली’ बरोबर म्हटले आहे, ते वाचून खचू नये. तो दिवसाचे सगळे जागे तास याच अभ्यासाला देतो. आणि तुमच्या चुकांना कोणी हसलेच, तर त्याला हिंदीत ‘मैंने आम खाया’ म्हणायला सांगा. ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यात आम्हाला ‘ने’ लागत नाही, त्यामुळे आमच्यातले पुष्कळजण आयुष्यभर ‘मैं आम खाया’ म्हणत आले आहेत.

आता समोरचा हिंदीत का वळतो ते पाहू. नागपूरकराच्या मते तो पाहुणचार आहे. तुमचा पहिला शब्द ऐकून तुमची सोय व्हावी म्हणून तो वळतो, तुमची मराठी वाईट आहे असे सुचवण्यासाठी नव्हे. त्यामुळे संकोच सोडून आरंभीच सांगावे, “मी मराठी शिकतो आहे, माझ्याशी मराठीतच बोला.” हे सगळ्यांना सांगत फिरू नका, एक माणूस धरा. माझा सल्ला गोकुळपेठ बाजारातल्या एखाद्या भाजीवालीचा आहे. दुपारी तीन-साडेतीनला, गिऱ्हाईक कमी असते तेव्हा जावे आणि आठवड्यातून दोनदा तिच्याकडूनच भाजी घ्यावी. पाव, पाऊण, दीड, अडीच हे हिशेब, वांगी आणि भेंड्या यांची अनेकवचने, ‘ताजी आहे का?’ आणि ‘ताजे आहे का?’ यांतला फरक, असे सारे तेथे दर खेपेला पुन्हा पुन्हा येते, आणि चूक झाली तर ती लगेच कळते, कारण पिशवीत भलतीच भाजी पडते. पुस्तकातून ‘कोथिंबीर’ पाठ करून जाल तर ती तुम्हाला देईल, पण स्वतः तिला ‘सांभार’ म्हणेल. इडलीबरोबरचा सांबार तो नव्हे. आमच्याकडच्या सांभारवडीत असते तीच ही हिरवी जुडी. ‘सांभार कशी दिली?’ असे विचारले, की ती तुमच्याशी हिंदीत वळण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल.

दोन महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिहा. ते मराठीत लिहा, आणि पाठवण्यापूर्वी कोणाकडूनही दुरुस्त करून घेऊ नका.